गाडीने काय पाहिले, याची नोंद कुणाकडे?

मा. संपादक,
स. न.

चालकाविना धावणाऱ्या गाड्या भारतात येऊ देणार नाही, त्यामुळे ड्रायव्हरांच्या पोटावर पाय येईल, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये सांगितले आणि डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात पुन्हा सांगितले. तेव्हापासून आपल्याकडे हा विषय मिटल्यात जमा आहे. अमेरिकेत काय ते होवो, आपल्याला त्याचे काय, असा एकूण सूर असतो. पण अर्धी स्वयंचलित गाडी केव्हाच आपल्या दारात येऊन उभी राहिली आहे. २०२१ पासून भारतात मध्यम किमतीच्या गाड्यांतही ‘लेव्हल टू अ‍ॅडास’, म्हणजे चालकाला मदत करणारी यंत्रणा, मिळू लागली. त्यात पुढच्या गाडीशी अंतर राखत वेग कमी-जास्त करणारा क्रूझ कंट्रोल असतो, रस्त्यावरच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध गाडी धरून ठेवणारे स्टिअरिंग असते आणि समोर काही आडवे आले तर आपोआप लागणारा ब्रेक असतो. या गाड्या गोव्यात पत्रादेवीपासून पोळेपर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, रोज धावतात. त्यातल्या एखादीचा अपघात झाला, तर त्या क्षणी गाडी कोण चालवत होते, माणूस की यंत्र, हे ठरवण्याची सोय आज ना आपल्या पोलिसांकडे आहे, ना वाहतूक खात्याकडे. आमचे म्हणणे एवढ्याच मुद्द्यापुरते आहे.

आधी ‘लेव्हल’चा घोळ सोडवू. वाहन अभियंत्यांची एसएई ही संघटना शून्य ते पाच अशा सहा पायऱ्या मानते. दुसऱ्या पायरीपर्यंत यंत्र हात देते, पण रस्त्यावर डोळे ठेवण्याची जबाबदारी पूर्णपणे माणसाची. तिसऱ्या पायरीपासून, यंत्र चालू असेल तितका वेळ, ती यंत्राची. दोन आणि तीन यांच्यात आकड्याने एकाचा फरक, जबाबदारीने जमीन-अस्मानाचा. मर्सिडीझची तिसऱ्या पायरीची गाडी जर्मनीत २०२२ मध्ये विक्रीला आली, तीही सुरुवातीला फक्त महामार्गावर आणि ताशी ६० किलोमीटरच्या आत. आपल्याकडच्या सगळ्या गाड्या दुसऱ्या पायरीवरच्या आहेत. मॅन्युअलमध्ये हे बारीक टाइपात लिहिलेले असते. विकताना मात्र ‘हात सोडून बघा, कशी जाते!’ हेच आधी दाखवतात.

ही गाडी हातातून कशी निसटते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. पट्टे दिसत आहेत तोवर स्पीडोमीटरच्या शेजारी स्टिअरिंगचे चिमुकले चित्र हिरवे असते. पट्टे दिसेनासे झाले की ते करडे होते आणि एक हलकासा ‘टिंग’ होतो. बस्स. स्टिअरिंग सैल झालेले असते, पण गाडी लगेच भरकटत नाही. सरळ रस्त्यावर ती चार-पाच सेकंद आपल्या तोऱ्यात सरळच जाते. गाणी लावलेली असतील तर तो टिंग ऐकू येत नाही, आणि चित्र तर नखाएवढे. मग वळण येते. माणसाला वाटते गाडी वळेल, गाडीने तर काम कधीच सोडलेले असते. ताशी ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे चार सेकंदांत ८८ मीटर. सुकाणू कुणाच्याच हातात नाही आणि दोघांनाही वाटते की ते दुसऱ्याच्या हातात आहे!

गोव्यात पट्टे कुठे आणि किती दिसतात, हे सांगायला तज्ज्ञ नको. जूनपासून चार महिन्यांच्या पावसात पांढरा रंग धुपतो. जे उरतात ते रात्री ओल्या डांबरावर समोरच्या हेडलाइटच्या चकाकीत बुडून जातात. हॉटमिक्स डांबरीकरण झाल्यावर पट्टे मारायला बऱ्याचदा महिने जातात. पर्वरीत उड्डाणपुलाच्या कामासाठी जे वळसे दिले, तिथे जुने पट्टे एकीकडे आणि वाहतूक दुसरीकडे. यंत्राला डांबरात भरलेल्या भेगेची काळी चकचकीत रेघसुद्धा पट्ट्यासारखी भासू शकते. माणूस अशा ठिकाणी पुढच्या बसच्या मागे निमूट जातो. कॅमेरा रेघ शोधत राहतो.

दुसरी अडचण गुरांची. रात्री रस्त्यावर बसलेली गुरे म्हणजे गोव्याच्या वाहनचालकांचा जुना शत्रू, आणि यंत्रालाही ती जड जातात. कारण असे की बहुतेक गाड्यांत दोन डोळे असतात. आरशामागे काचेला लावलेला कॅमेरा आणि पुढच्या जाळीत किंवा बंपरमध्ये बसवलेले ७७ गिगाहर्ट्झचे रडार. रडारला वेग उत्तम कळतो, आकार फारसा नाही. रस्त्यावरची लोखंडी कमान, पुलाचा कठडा, मॅनहोलचे झाकण, सगळ्यांवरून त्याच्या लहरी परत येतात. प्रत्येकाला घाबरून ब्रेक लावला तर मागची गाडी येऊन आदळेल. म्हणून न हलणाऱ्या वस्तूंच्या बऱ्याचशा नोंदी रडार बाजूला ठेवते आणि कॅमेऱ्याच्या दुजोऱ्याची वाट पाहते. कॅमेऱ्याला प्रामुख्याने शिकवलेले असते ते गाड्या, दुचाक्या आणि उभी-चालती माणसे ओळखायला. काळ्या डांबरावर पाय दुमडून रवंथ करणारी म्हैस त्या यादीत सहसा नसते. अनेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्येच लिहिलेले असते की प्राण्यांसाठी ब्रेक लागेलच असे नाही. लो बीमचा कामाचा उजेड चाळीस-पन्नास मीटर. ओल्या रस्त्यावर ८० च्या वेगातून थांबायला, माणसाच्या प्रतिक्रियेचा दीड सेकंद धरून, सुमारे ९५ मीटर लागतात. हे गणित यंत्र असो वा नसो, जमत नाही. फरक इतकाच की यंत्राच्या भरवशावर माणूस ६० ऐवजी ८० ने जातो.

‘यंत्राला ओळखच पटली नाही’ हे कसे घडते, याचा सर्वांत स्पष्ट दाखला १८ मार्च २०१८ च्या रात्रीचा आहे. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातील टेम्पी शहरात उबरच्या चाचणी गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला उडवले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने त्या गाडीच्या नोंदी सेकंदागणिक वाचल्या. धडकेच्या ५.६ सेकंद आधी यंत्राला काहीतरी दिसले होते. ते आधी ‘वाहन’ ठरले, मग ‘इतर काही’, मग ‘सायकल’, मग पुन्हा ‘इतर’. दर वेळी नाव बदलले की आधीचा माग पुसला जायचा आणि ही वस्तू कुठे निघाली आहे याचा हिशेब नव्याने सुरू व्हायचा. झेब्रा क्रॉसिंग नसलेल्या जागी माणूस रस्ता ओलांडू शकतो, ही कल्पनाच त्या प्रणालीत घातलेली नव्हती. धडक अटळ आहे हे कळले १.२ सेकंद आधी. पण खोट्या इशाऱ्यांवर उगाच ब्रेक लागू नयेत म्हणून एक सेकंद थांबण्याची तजवीज मुद्दाम केलेली होती. उरले ०.२ सेकंद. आणि मूळ गाडी ज्या व्होल्वो कंपनीची, तिचा स्वतःचा आपत्कालीन ब्रेक, दोन यंत्रणांची भांडणे नकोत म्हणून, चाचणीवेळी बंद ठेवलेला.

त्या सायकलला पिशव्या अडकवलेल्या होत्या. आता सकाळी सहा वाजता म्हार्दोळच्या उतारावरून सायकलने येणारा पोदेर, म्हणजे पाववाला, डोळ्यांसमोर आणा. मागे बांबूची भली मोठी पाटी, तिच्यावर निळे प्लास्टिक, समोरून पाहिले तर सायकल कमी आणि पाटीच जास्त. झेब्रा क्रॉसिंगचे म्हणाल तर आपल्या वाड्यांवर रस्ता ओलांडण्याची जागा घराच्या फाटकासमोरच असते. टेम्पीत जे अपवाद म्हणून यंत्राच्या बाहेर ठेवले गेले, ते आपल्याकडचे रोजचे जगणे आहे.

यंत्र धडधाकट असूनही चुकते त्याचे एक अगदी घरगुती कारण गॅरेजमध्ये सापडते. पुढची काच फुटली, बदलली, तर तिच्यामागचा कॅमेरा पुन्हा जुळवावा लागतो. कॅमेरा एक अंशाने जरी तिरका बसला तरी ५० मीटरवर नेम ८७ सेंटिमीटर चुकतो, म्हणजे एक अख्खी स्कूटर शेजारच्या लेनमध्ये आहे असे यंत्राला वाटू शकते. जुळवणीसाठी सपाट जमीन लागते, सारखा उजेड लागतो, टायरमध्ये नेमकी हवा, रिकामी डिकी आणि गाडीपुढे मोजून मापून उभा केलेला नमुन्याचा फलक लागतो. काही गाड्यांची जुळवणी स्कॅनर जोडून, ठळक पट्टे असलेल्या रस्त्यावर ठरावीक वेगाने चालवताना होते. (भर पावसाळ्यात असा रस्ता शोधायला मेकॅनिकने कुठे जावे, हा प्रश्न आम्ही सार्वजनिक बांधकाम खात्यावर सोडतो.) बंपर ठोकला गेला तरी हेच. आतून पुट्टी भरून वर मेटॅलिक रंगाचे जाड थर दिले की रडारच्या लहरी त्यात अडतात. वरून बंपर नवा दिसतो, आतून गाडी अधू. जुवारीकाठचा लाल चिखल साचला, किंवा दसऱ्याची भिजलेली झेंडूची माळ नेमकी जाळीवरच्या रडारसमोर लोंबली, तरी तेच. पण निदान चिखल बसला की बहुतेक गाड्या ‘रडार झाकले आहे’ असा संदेश देतात. तिरका बसलेला थोडासा वाकडा कॅमेरा काहीच सांगत नाही. काच बदलल्याच्या बिलावर कॅलिब्रेशनची (म्हणजे या जुळवणीची) वेगळी ओळ आणि त्याचा अहवाल नसेल, तर ते झालेले नाही असे धरून चालावे आणि स्टिअरिंग-क्रूझची बटणे बंद ठेवावीत.

हे सगळे वाचून अ‍ॅडास वाईट असे कुणी समजू नये. यंत्र दारू पीत नाही, पेंगत नाही, मोबाइल बघत नाही. गोव्यात गेली काही वर्षे अडीचशे ते तीनशे माणसे दरवर्षी रस्त्यावर जीव गमावत आहेत आणि त्यांना मारणारी चूक बहुतेक वेळा माणसाचीच असते. आपोआप लागणारा ब्रेक चालूच ठेवावा, कितीही दचकवला तरी. पट्ट्यांवर चालणारे स्टिअरिंग मात्र नव्या जुवारी पुलासारख्या ठिकाणी ठीक, गावातल्या रस्त्यावर नको.

आता जबाबदारीकडे येऊ. आपला मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याची बांधणीच ‘चालक’ या माणसाभोवती आहे. परवाना त्याचा, अपघातानंतर थांबून मदत करण्याचे कर्तव्य त्याचे. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंतची कैद, तीही त्यालाच. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १६४ आले, त्यानुसार चूक कुणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मालकाकडून किंवा विमा कंपनीकडून मिळतात. म्हणजे जखमी माणूस अगदी वाऱ्यावर नाही. त्याच दुरुस्तीत सदोष गाड्या परत मागवण्याचे कलम ११०-अ आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनाबद्दल निर्मात्याला जबाबदार धरता येते. पण त्याच दुरुस्तीतले कलम २-ब फारसे कुणी वाचलेले नसते. संशोधनाला उत्तेजन म्हणून काही प्रकारच्या वाहनांना या कायद्याच्या तरतुदींतून सूट देण्याचा अधिकार केंद्राला त्याने दिला आहे. मंत्र्यांचा ‘नको’ हा शब्द आहे, कलम २-ब हा कायदा आहे. शब्द देणारे बदलतात.

मग अडते कुठे? निर्मात्याला जबाबदार धरायचे तर यंत्र चालू होते आणि ते चुकले, हे दाखवावे लागते. ती माहिती गाडीत आणि कंपनीच्या सर्व्हरवर असते, रस्त्यावर पडलेल्या माणसाच्या नातेवाइकांकडे नसते. टेम्पीच्या प्रकरणात एवढा सेकंदागणिक तपास होऊनही फौजदारी जबाबदारी कंपनीवर आली नाही. फोनवर कार्यक्रम बघत बसलेल्या चाचणीचालकावर आली आणि २०२३ मध्ये गुन्हा कबूल केल्यावर तीन वर्षांची देखरेखीखालची मुक्तता झाली. २ ऑक्टोबर २०२३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्याच गाडीने उडवलेली एक महिला क्रूझ कंपनीच्या चालकरहित टॅक्सीपुढे फेकली गेली. टॅक्सी तिला धडकून थांबली, आणि मग ‘कडेला घ्यावे’ या नियमाने तिला सुमारे सहा मीटर फरफटत नेले. कंपनीचा परवाना गेला तो या फरफटीमुळे, आणि ती सरकारपासून झाकण्याच्या प्रयत्नामुळेही. खोटा अहवाल दिल्याचे कंपनीने पुढे कबूल केले आणि ५ लाख डॉलर दंड भरला. याउलट फ्लोरिडात २०१९ च्या एका मृत्यूच्या खटल्यात मायामीच्या ज्यूरीने ऑगस्ट २०२५ मध्ये टेस्लावर ३३ टक्के दोष ठेवला, दंडात्मक रकमेसह टेस्लाच्या वाट्याला सुमारे २४ कोटी ३० लाख डॉलर. चालक पडलेला फोन शोधत खाली वाकला होता, हे त्याने स्वतः मान्य केलेले असूनही! ती गाडीही आपल्याकडच्यासारखीच, दुसऱ्या पायरीची. गाडीच्या नोंदी न्यायालयापुढे आल्या म्हणून दोषाची वाटणी करता आली.

ब्रिटनने २०२४ च्या कायद्यात वाट काढली. मान्यता मिळालेली गाडी स्वतः चालत असेल तर तिच्या चालवण्याबद्दल आत बसलेल्या माणसावर खटला नाही, मान्यता घेणाऱ्या कंपनीने उत्तर द्यायचे. जर्मनीने २०२१ मध्ये चौथ्या पायरीच्या गाड्यांसाठी दुरून लक्ष ठेवणारा तांत्रिक पर्यवेक्षक सक्तीचा केला. संयुक्त राष्ट्रांच्या १५७ क्रमांकाच्या नियमानुसार तिसऱ्या पायरीच्या गाडीत यंत्र कधी चालू झाले, माणसाला ‘तू घे’ असे कधी सांगितले, त्याने कधी घेतले, हे वेळेसह साठवावेच लागते. गंमत पाहा, तिसऱ्या पायरीला सक्ती आहे, पण ती पायरी आपल्याकडे नाही. दुसरीला सक्ती नाही, आणि तीच आपल्या रस्त्यावर आहे.

गाडीची एअरबॅग नियंत्रित करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीत, बहुधा दोन पुढच्या सीटमधल्या गिअरखाली, अनेक गाड्यांत धडकेआधीच्या सुमारे पाच सेकंदांचा वेग, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर आणि सीटबेल्टची नोंद असते. एअरबॅग उघडली असेल तर ती सहसा कायम राहते. न उघडता झालेल्या धडकेची नोंद मात्र गाडी वारंवार चालू-बंद केल्यावर पुसली जाऊ शकते. आणि अपघातानंतर आपल्याकडे गाडीचे काय होते? क्रेन येते, चावी फिरवून बघितली जाते, गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात पावसात उभी राहते, नाहीतर थेट कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला जाते. ज्याच्यावर दोष येऊ शकतो, त्याच्याच हातात पुरावा!

यातले बरेचसे दिल्लीत ठरेल. पण गोव्याला स्वतःच्या हातात करण्यासारखे दोन विषय आहेत. पहिला रेंट-अ-कारचा. मोपा किंवा दाबोळी विमानतळावर उतरलेला पर्यटक काळ्या पाटीची (भाड्याची) गाडी दहा मिनिटांत ताब्यात घेतो. ओरखडे मोजून फोटो काढले जातात. आधीच्या भाडेकरूने आपत्कालीन ब्रेक बंद करून ठेवला आहे का, हे कुणी बघत नाही. काही गाड्यांत ही बटणे इंजिन बंद-चालू केल्यावर मूळपदावर येतात, काहींत येत नाहीत. ताबा देताना सगळी सेटिंग कंपनीने दिली तशी करणे, पडद्यावर कॅमेरा-रडारचा पिवळा इशारा असल्यास ती गाडी भाड्याने न देणे, आणि हिरवे-करडे चित्र बोटाने दाखवून त्याखाली सही घेणे, एवढी अट वाहतूक खात्याने परवान्यात घालावी. पाच मिनिटांचे काम आहे. काच किंवा बंपर बदललेल्या भाड्याच्या गाडीचा कॅलिब्रेशन अहवाल फिटनेसच्या वेळी मागावा.

दुसरा पोलिसांचा. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही, पंचनाम्याच्या कागदावर चार ओळी वाढवाव्या लागतात. गाडीत अ‍ॅडास आहे का. अपघातानंतर पडद्यावर कोणते इशारे होते (आणि चावी काढण्याआधी त्याचा फोटो). एअरबॅगची पेटी कुणाच्या सहीने सील केली. शेवटचे सॉफ्टवेअर कोणत्या तारखेला बदलले. चौथी ओळ विसरू नये, कारण ही गाडी रात्री अंगणात उभी असताना इंटरनेटवरून बदलते, आणि सकाळी ती कालचीच आहे की नाही हे मालकालाही माहीत नसते.

– वाहन-इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करणारे काही वाचक, फोंडा